शिलेदाराचा घोडा

'फ्रीलान्स' या शब्दाला मराठीत अजून स्वतःचे घर मिळालेले नाही. 'मुक्त व्यावसायिक' म्हणावे तर 'मुक्त' या विशेषणातून जी ऐसपैस मोकळीक सूचित होते तिचा प्रत्यक्ष दिनक्रमाशी फारसा संबंध नसतो. 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणावे तर डॉक्टर-वकिलांपासून किराणा दुकानदारापर्यंत सगळेच त्यात येतात. आमच्या गावात माझ्या कामाचे वर्णन 'घरी बसून कॉम्प्युटरचं काहीतरी करतो' असे केले जाते, आणि काटेकोरपणाच्या दृष्टीने ते वरील दोन्ही शब्दांपेक्षा वाईट नाही. मूळ इंग्रजी शब्द मात्र लढाईतला आहे. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीने तो रूढ केला. कोणत्याही एका सरदाराशी कायमचा न बांधलेला, मोल देईल त्याच्यासाठी भाला उचलणारा भाडोत्री सैनिक म्हणजे 'फ्री लान्स'. पुढे भाले गेले, लेखणीवाले पत्रकार आले आणि त्यांच्यामागून आम्ही कळफलकवाले आलो.

या अर्थाचा शब्द मराठीत नाही असे मात्र नाही. शिवनेरीच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला तो शोधायला फार लांब जावे लागू नये. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. आणि जो स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे जे वर्णन आहे त्यात शिलेदार हे पागेच्या हुकमतीखाली ठेवल्याचे येते, आणि त्यामागचा हेतूही स्पष्ट आहे : कोणाला बंड करण्याचे बळ राहू नये. राज्यकर्त्याच्या बाजूने पाहिले तर शिलेदार हा असा थोडासा अविश्वासाचा माणूस. परंतु शिलेदाराच्या बाजूने पाहिले तर? घोडा त्याचा, म्हणजे घोड्याचा चारा त्याचा, नाल त्याचा, घोड्याचे आजारपणही त्याचेच. लढाईत घोडा पडला तर बारगिराला दुसरा घोडा मिळण्याची आशा असे. शिलेदाराचे मात्र घोड्याबरोबर भांडवलही पडे. अशा माणसाने रणात घोडा जपून घातला तर त्याला भ्याड म्हणणे सोपे आहे, पण तो नुसता लढत नसतो, संसारही वागवत असतो.

लोकांची संकेतस्थळे बांधून देण्याचा व्यवसाय मी गेली काही वर्षे कळंबमधून करतो. कळंब हे आंबेगाव तालुक्यातील, घोड नदीकाठचे, पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगाव यांच्या मध्ये येणारे गाव. माझा लॅपटॉप माझा, इन्व्हर्टर माझा, फायबरचे बिल माझे, आणि ताप आला तर त्या दिवसाची बुडालेली मजुरीही माझीच. पूर्वी पुण्यातील एका कंपनीत होतो तेव्हा यांतले बहुतेक सारे कंपनीचे असे. म्हणजे बारगिराचा शिलेदार झालो. 'काम आणि जगणे यांचा समतोल कसा साधता?' असा प्रश्न मला हल्ली अनेकदा विचारला जातो, विशेषतः महाविद्यालयातील मुलांकडून. शहरात न जाता, गावात राहून, आई-वडिलांजवळ, नदीकाठी बसून परदेशातली कामे करायची हे चित्र त्यांना मोहक वाटते. ते खोटे नाही. पण त्या चित्रात कोण कोणत्या वेळी जागे असते हे दिसत नाही, म्हणून हा लेख.

आमचा भाग 'मागास' आणि इंटरनेट हे अलीकडे शहरातून तिथवर पोचलेले वारे, असा एक समज असतो. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ मध्ये परदेशी दळणवळणासाठीचे देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. सामान्य भारतीयाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्याच्या चोवीस वर्षे आधीपासून आमच्या शेजारच्या शिवारातून या देशाचे आवाज समुद्रापार जात होते. खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या जागेची निवड करताना मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट इथे कमी आहे हा एक विचार होता. तिकडे नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात दानाचे आकडे कोरलेले आहेत आणि भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात त्या आकड्यांना मोठे स्थान आहे. घाटातून कोकणातल्या बंदरांकडे माल जाई. तेव्हा जगाशी जोडलेले असणे ही या मुलखाला नवलाची गोष्ट नाही. नवी गोष्ट एवढीच की पूर्वी माल जाई, निरोप जाई. आता माणूस घरी बसून असतो आणि त्याचा वेळ परदेशी जातो.

वेळ परदेशी जातो हे मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही. न्यूयॉर्कमधील ऑफिस सकाळी दहाला उघडते तेव्हा उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे घड्याळ एक तास इकडेतिकडे सरकते आणि त्याबरोबर कळंबमधील एका घरातले जेवण सरकते. इ. पी. टॉम्प्सन या इतिहासकाराचा १९६७ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. औद्योगिक भांडवलशाहीच्या आधी माणसे कामाच्या गरजेप्रमाणे वेळ मोजत आणि नंतर घड्याळाप्रमाणे काम मोजू लागली, असे त्याचे ढोबळ सूत्र. गायीची धार काढायची वेळ झाली हे गाय सांगते. पाळी सुरू झाली हे भोंगा सांगतो. आपल्याकडेही हे बदल सहजासहजी झालेले नाहीत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबईने आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सांभाळली. एकोणचाळीस मिनिटांच्या फरकासाठी एका शहराने अर्धे शतक हट्ट धरला! मी मात्र साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक एका ईमेलवर मान्य केला.

आता माझ्या घरातील दुसऱ्या घड्याळाविषयी सांगायला हवे. आमची थोडी शेती आहे, विहीर आहे, आणि विहिरीवर विजेची मोटर आहे. शेतीपंपांना तीन फेजची वीज वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे : काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी असेल तेव्हा पाणी रात्री द्यावे लागते. वडिलांचे वय आता सत्तरीपलीकडे गेले आहे. डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि काठी अशा वेषात अण्णा रात्री अकराला निघतात तेव्हा माझ्या पडद्यावर ओहायोतला एक सद्गृहस्थ आपल्या संकेतस्थळावरील बटणाचा निळा रंग अजून थोडा गडद हवा असे मला समजावून सांगत असतो. एकदा जाता जाता अण्णा दारात थांबले, आणि म्हणाले, "तुझीबी रातपाळी अन् माझीबी. फरक एवढाच, तुझ्याकडं वाघ येत न्हाई."

वाघ म्हणजे बिबट्या. जुन्नर वनविभागातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, त्यामागून ऊस आला आणि दाट, ओलसर, वर्षभर उभ्या असणाऱ्या उसाला बिबट्याने रान मानले. त्याच्या कित्येक पिढ्या आता उसातच जन्मल्या. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. माणसे मेली, मुले मेली, पिंजरे लागले, मोर्चे निघाले, आणि दिवसा वीज द्या ही मागणी पुनःपुन्हा झाली. रात्रीच्या पाण्याला जाणारा शेतकरी आणि रात्री फिरणारे जनावर यांची गाठ पडावी अशी वेळ त्या दोघांपैकी कोणीच ठरवलेली नसते. ती कुठल्यातरी उपकेंद्रातल्या वेळापत्रकाने ठरलेली असते.

इथे मला त्या 'समतोल' शब्दाविषयी पहिली शंका आली. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत समतोल हा माणसाच्या अंगचा गुण मानलेला असतो. पहाटे उठा, यादी करा, सूचना बंद ठेवा, 'नाही' म्हणायला शिका. अण्णांना यातले काय लागू होते? पहाटे उठण्यात त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. शिस्त, काटकसर, कामाची वाटणी हे सारे त्यांना माझ्याहून चांगले जमते. तरीही त्यांची झोप त्यांच्या हातात नाही, कारण वेळापत्रक त्यांच्या हातात नाही. आणि माझी झोप? तिच्या बाबतीत मी नुसते म्हणतो की ती माझ्या हातात आहे.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न अगदी आकड्यांत समोर आला. परदेशातल्या एका कंपनीने मला कायमचे काम देऊ केले. किरकोळ ग्राहक सोडायचे, महिन्याला ठराविक रक्कम, सध्याच्या सरासरी मिळकतीच्या जवळजवळ दुप्पट. अट एकच होती : त्यांच्या ऑफिसच्या पूर्ण वेळात, म्हणजे आमच्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, मी पडद्यासमोर असायचे. शिवाय तासांचा हिशेब ठेवणारी एक प्रणाली ठराविक अंतराने माझ्या पडद्याचे छायाचित्र आपोआप घेणार होती. घोडा माझाच, चारा माझाच. फक्त लगाम दुसऱ्याच्या हातात. शिलेदाराच्या खर्चात बारगीर मिळवण्याची ही युक्ती मोठी नामी आहे. पण रक्कमही लहान नव्हती. मुलीचे शिक्षण, आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, विहिरीचे राहिलेले बांधकाम हे सारे त्या रकमेत बसत होते. निर्णयाला मला एक महिना लागला. त्या महिन्यात जे विचार आले त्यांतले काही वाङ्मयाच्या अभ्यासकांना कदाचित उपयोगी वाटतील म्हणून इथे मांडतो.

पहिला विचार तल्लीनतेविषयी. आमच्या व्यवसायात तल्लीनतेचे मोठे कौतुक असते. एखादी चूक शोधताना चार तास गेले आणि कळलेच नाही, ही आमची ब्रह्मानंदी टाळी. मराठी परंपरेत काम आणि भक्ती एकजीव झालेल्या माणसांची रांगच आहे : मळ्यात सावता, दुकानात सेना, भट्टीशी नरहरी. परंतु त्याच रांगेत गोरा कुंभारही आहे. माती तुडवताना नामात इतका रंगला की रांगते मूल पायाखाली आले तरी त्याला कळले नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथेच्या शेवटी मूल परत मिळते, आणि त्या आनंदात मधल्या भागाचा आपल्याला विसर पडतो. मला तो मधला भाग आता जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याने ही कथा प्रथम रचली त्याला तल्लीनतेची किंमत ठाऊक होती, आणि ती तल्लीन माणूस स्वतः चुकवत नाही हेही ठाऊक होते. ती त्याच्या आसपास रांगणारे कोणीतरी चुकवते. शिवाय गोऱ्याची बायको त्या वेळी पाण्याला गेली होती असे सांगतात. म्हणजे तीही कामावरच होती.

त्यावरून दुसरा विचार. माझ्या दिवसाला जो काही तोल दिसतो तो कोणाच्या कष्टांवर उभा आहे? मी दुपारी दोन तास झोपू शकतो, कारण त्या वेळी दार कोण उघडते, कुरिअर कोण घेते, मुलीला 'बाबा झोपलेत' म्हणून कोण गप्प बसवते? पत्नी शिक्षिका आहे. तिची नोकरी, घर आणि माझ्या उलट्या घड्याळाचा सांभाळ अशा तीन पाळ्या ती करते. आईच्या पिढीत तर काम आणि जगणे असे दोन कप्पेच नव्हते. पहाटे जात्यावर बसायचे आणि दळताना ओवी म्हणायची, म्हणजे एकाच वेळी श्रम, मन मोकळे करणे आणि काव्यही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा लाखभर ओव्या जमा झाल्या. त्या संग्रहाचे मोल मोठे आहे, पण त्यावरून 'पूर्वी कसा सुंदर समतोल होता' असा निष्कर्ष कोणी काढू लागले की मला आईचे गुडघे आठवतात. गिरणी आली तेव्हा जाते सुटले याचे दुःख बायकांनी केल्याचे मी तरी तिच्या तोंडून ऐकले नाही. ओवी सुटली याची खंत मात्र तिला आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

तिसरा विचार पैशाचा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक असतो. पिकवणाऱ्याने तो ठरवायचा नसतो, ऐकायचा असतो. आपला दर आपण ठरवतो म्हणून आम्ही सुखी, असे मी अण्णांना एकदा सांगितले होते. प्रत्यक्षात कामे मिळवून देणाऱ्या जागतिक मंचांवर उलटा लिलाव चालतो. एका कामावर पन्नास देशांतले लोक बोली लावतात, आणि बोली खाली खाली जाते. त्यातून बाहेर पडायचे तर कायमची माणसे जोडावी लागतात. आज माझे निम्मे उत्पन्न वर्षाच्या करारांतून येते : जुन्नरच्या परिसरातले एक-दोन कृषी पर्यटनवाले, मंचरचा एक दवाखाना, पुण्यातला एक लहान प्रकाशक, परदेशातले तीन ग्राहक. त्यांच्या संकेतस्थळांची देखभाल, बॅकअप, डोमेनचे नूतनीकरण, अधूनमधून दुरुस्ती. मोबदला वर्षाचा ठरलेला.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गांव-गाडा' (१९१५) वाचले असेल त्यांना हे ओळखीचे वाटेल. सुताराने वर्षभर नांगर-औत दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यायचा. प्रत्येक खिळ्याचे बिल नाही, आणि शेतकऱ्याच्या घरी पीक नाही त्या वर्षी सुताराच्याही घरी नाही. कंत्राटाचा हा नमुना मला आकर्षक वाटला होता, आणि काही काळ मी स्वतःला गमतीने 'तेरावा बलुतेदार' म्हणवून घेत असे. पण मराठीत ही उपमा वापरणाऱ्याला दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाकडे पाठ फिरवून चालत नाही. बलुत्याला दुसरी बाजू होती. काम जन्माने ठरलेले, नाकारण्याची सोय नाही, आणि मोबदला हक्काचा असूनही मागताना हात पसरावा लागे. सुताराला मिळालेला मान आणि महाराच्या वाट्याला आलेली हाक यांत किती अंतर होते! तेव्हा वर्षाच्या कराराला बलुते म्हणायचे मी सोडून दिले. दोहोंत फरक एका गोष्टीचा आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच निर्णायक आहे : मला करार मोडता येतो. 'नाही' म्हणण्याचा अधिकार हेच शिलेदाराचे खरे वेतन. तो अधिकार कधी वापरलाच नाही तर तो आहे की नाही हेही कळत नाही.

चौथा विचार एकटेपणाचा. जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांमधील शिलालेखांत श्रेणींचे उल्लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले; बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवली गेली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बुरूडकाम करणाऱ्यांची संघटना इतकी पतवान होती की तिच्याकडे कायमची ठेव ठेवावी असे कोणाला वाटले! आणि आज? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' ही संज्ञा कायद्यात आणली. पण माझ्यासारखा माणूस स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला संकोचतो. 'व्यावसायिक' हा शब्द त्याला बरा वाटतो. त्यामुळे बिल थकले तर त्याच्यामागे श्रेणी नाही, दर पाडला तर त्याच्या बाजूने कोणी बोलत नाही, आणि आजारी पडला तर त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा नाही. आम्ही चार-पाच जणांनी, मंचर-नारायणगाव-जुन्नर या टापूतल्या, एक साधी व्यवस्था केली आहे. प्रत्येकाच्या ग्राहकांची कुलूपबंद माहिती दुसऱ्या एकाकडे असते. एकाच्या घरी लग्न, मयत, दुखणे निघाले तर दुसऱ्याने त्याची संकेतस्थळे आठवडाभर सांभाळायची, पैसे न घेता. गावात याला सावड म्हणतात. आमच्यापैकी कोणालाही हा शब्द शोधावा लागला नाही, तो तोंडातच होता.

पाचवा आणि शेवटचा विचार कामाच्या मोलाविषयी. संकेतस्थळ ही फार अल्पायुषी वस्तू आहे. सुताराने केलेले दार नातू उघडतो. मी केलेले पान पाच वर्षे टिकले तरी पुष्कळ. अशा कामासाठी किती रात्री द्यायच्या? याचे उत्तर मला त्या पुण्यातल्या प्रकाशकाच्या कामात काही अंशी मिळाले. त्यांच्याकडे युनिकोडपूर्व काळातल्या एका जुन्या अक्षरसंचात टंकलेले बरेच मराठी लेखन पडून होते. तो अक्षरसंच नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी मराठी मजकूर तिथे पूर्णपणे यायला पुढे बरीच वर्षे गेली, आणि त्या मधल्या काळातले कितीतरी लेखन असेच मुके होऊन बसले आहे. ते रूपांतरित करताना अर्ध्या 'र'ने फार छळले. जुन्या मजकुरातल्या 'दऱ्या' रूपांतरानंतर 'दर्या' होऊ लागल्या. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने दऱ्यांचा समुद्र होऊ द्यावा हे बरे दिसत नाही. यांत्रिक रूपांतराने जे होत नव्हते ते एकेक शब्द पाहून केले. त्या कामाचे पैसे ओहायोच्या निळ्या बटणापेक्षा कमी होते आणि वेळ जास्त गेला. पण ते काम दिवसा झाले, खिडकी उघडी ठेवून, आणि मुलगी शेजारी बसून 'ऱ्या' असलेले शब्द मोजत होती. हे काम मी आनंदाने केले असे म्हणण्यापेक्षा ते करताना मी घरात होतो, असे म्हणणे अधिक खरे.

असो. महिन्याअखेर मी त्या कंपनीला नकार कळवला. यात त्याग वगैरे काही नाही. नकाराची किंमत घरात सर्वांनी मिळून मोजली आणि वाटून घेतली. विहिरीचे बांधकाम पुढे गेले. आईची शस्त्रक्रिया झाली, पण तिच्यासाठी कर्ज काढावे लागले आणि ते अजून फिटायचे आहे. पत्नीने एक अट घातली, की रात्र वाचली तर ती खरोखर वाचली पाहिजे, तिच्यात दुसरे काम भरायचे नाही. ती अट पाळणे नकार देण्यापेक्षा अवघड निघाले.

वेळापत्रकाचे मात्र एक नवे गणित बसले आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. ती प्रत्येक विहिरीपर्यंत पोचेपर्यंत रात्रीची पाळी ज्याच्या वाट्याला येईल त्याला पाणी रात्रीच द्यावे लागणार. म्हणून परदेशी ग्राहकांशी करार करताना मी आता एक कलम घालतो : संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ एवढेच दोन तास बोलण्यासाठी उपलब्ध, आणि काही दिवस तेही नाही. ते दिवस कोणते हे मी आधी कळवतो. रात्रीच्या विजेची पाळी असते तेच हे दिवस. त्या रात्री अण्णांच्या जागी, आणि बहुधा त्यांच्यासह, मी बांधावर असतो. एकट्याने जायचे नाही असा आता घरचा नियम आहे. ओहायोच्या सद्गृहस्थाने प्रारंभी कारण विचारले. पाणी, वीज आणि बिबट्या यांचा परस्परसंबंध मी त्याला चार ओळींत लिहून पाठवला. त्याने आपल्या कॅलेंडरात ते दिवस राखाडी रंगाने रंगवून टाकले आणि त्यानंतर कधी कुरकूर केली नाही. हल्ली पाळी बदलण्याच्या सुमाराला त्याचाच निरोप येतो, की पुढच्या आठवड्याचे पाणी दिवसा आहे की रात्री.